टीव्ही किती इंची घ्यावा? दुकानात जाण्याआधी घरी करायची मोजणी

दुकानात बघून टीव्हीचा आकार ठरवू नये. शोरूमचे छत उंच, भिंत लांबलचक आणि शेजारी ७५ नि ८५ इंची संच मांडलेले. त्यांच्या पंक्तीला ५५ इंची संच लहानखुरा वाटतो. तोच गोव्यात म्हापशातल्या दहा फुटी हॉलमध्ये लावला की अर्धी भिंत व्यापतो. उलटही होते. फोंडा-डिचोलीकडच्या जुन्या घरांतल्या लांब सालात (दिवाणखान्यात) ४३ इंची टीव्ही टांगतात आणि मागच्या बाकावर बसलेल्या आजोबांना क्रिकेटचा स्कोअर वाचता येत नाही. दोन्हीकडे चूक एकच: डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर कोणी मोजलेलेच नसते. त्यासाठी पाच मीटरची टेप, पेन्सिल, थोडी रद्दी आणि चिकटपट्टी एवढेच लागते. काम अर्ध्या तासाचे.

इंच मोजतात ते तिरके

पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर म्हणजे टीव्हीचा आकार. खोक्यावर १०८ सेंमी असे वाचून शोकेसमध्ये १०८ सेंमीचा कप्पा शोधणारे पुष्कळ भेटतात. ४३ इंची संचाचे ते तिरके माप; रुंदी ९५ सेंमीच भरते. हल्लीचे जवळपास सगळे पडदे १६ बाय ९ प्रमाणातले असतात, त्यामुळे इंचांना २.२१ ने गुणले की रुंदी सेंमीत मिळते आणि १.२५ ने गुणले की उंची. चौकटीसाठी एक-दोन सेंमी वर धरा.

जुना डबा टीव्ही काढून नवीन घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुने पडदे ४ बाय ३ प्रमाणातले होते. २९ इंची डब्याचे चित्र साधारण ४४ सेंमी उंच असे. नवीन ३२ इंचीचे ४० सेंमी. म्हणजे इंच वाढले तरी बातम्या देणाऱ्याचा चेहरा पूर्वीपेक्षा लहानच दिसणार. '२९ चा गेला, ३२ चा आणला, तरी बारीक दिसतं' ही तक्रार म्हणून खरी असते.

पायरी पहिली: अंतर मोजा, पण खरे

भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावून मिळते ती खोलीची लांबी. आपल्याला हवे ते डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर. रोज जिथे बसता तिथे रोजच्यासारखे रेलून बसा. दुसऱ्या कोणाला टेपचे एक टोक तुमच्या डोळ्यांच्या बाजूला, कानशिलापाशी धरायला सांगा आणि दुसरे टोक टीव्हीच्या भिंतीला लावा. आलेल्या आकड्यातून टीव्हीची स्वतःची जागा वजा करा: भिंतीला चिकटून बसणाऱ्या ब्रॅकेटवर असेल तर संचासकट साधारण १० सेंमी, पायांवर उभा करून टेबलावर ठेवणार असाल तर २० ते २५ सेंमी. बाहेर ओढता येणाऱ्या हाताचे ब्रॅकेट असेल तर हात ओढलेल्या स्थितीतच मोजा. तो ४० सेंमीपर्यंत सहज पुढे येतो.

उदाहरण घेऊ. फ्लॅटचा हॉल १० फूट रुंद, म्हणजे ३०५ सेंमी. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर रेलून बसले की डोळे भिंतीपासून सुमारे ४५ सेंमी पुढे येतात. टीव्हीच्या बाजूचे १० सेंमी गेले. उरले २५० सेंमी. 'आमचा हॉल दहा फुटी' असे सांगणारा माणूस प्रत्यक्षात सव्वाआठ फुटांवरून टीव्ही बघतो.

पायरी दुसरी: तीन, चार की पाचने भागायचे

सेंमीतल्या अंतराला ४ ने भागा. येणारा आकडा हा इंचांतला आकार. २५० भागिले ४ म्हणजे ६२. घरात थोड्या मालिका, थोड्या बातम्या, शनिवार-रविवारी सिनेमा असे सगळेच चालत असेल तर या आकड्याच्या आसपासचा संच बघा.

४ च कशाला, असे कोणी विचारील. या भागाकाराने पडदा आपल्या नजरेत सुमारे ३० अंशांचा कोन व्यापतो. सिनेमागृहांसाठी ३० अंशांचा दंडक एसएमपीटीई या तंत्रज्ञांच्या संस्थेच्या नावाने सांगितला जातो. सिनेमाच्या चित्र-ध्वनीचा दर्जा ठरवून देणारे टीएचएक्सवाले त्याहून मोठा, ४० अंशांच्या आसपासचा कोन सुचवतात. तो मिळवायचा तर ३ ने भागावे लागते. दिवे बंद करून सिनेमा बघणारे, गेम खेळणारे आणि फुटबॉलवेडे यांनी ३ कडे झुकावे. फुटबॉलमध्ये कॅमेरा बराच वेळ अख्खे मैदान दाखवतो, लहान पडद्यावर चेंडू शोधावा लागतो. संध्याकाळभर ट्यूबलाइटच्या उजेडात मालिका आणि बातम्या चालणाऱ्या घरात मात्र ५ ने भागलेले बरे. तासन् तास भरभक्कम चित्र समोर असले की काहींचे डोके जड होते.

बाजारातल्या नेहमीच्या मापांसाठी हिशेब असा पडतो (पडद्याची रुंदी व उंची, मग ३, ४ आणि ५ च्या हिशेबाने अंतर, सगळे सेंमीत):

- ३२ इंच: ७१ × ४०, ९६, १२८, १६०
- ४३ इंच: ९५ × ५४; १२९, १७२, २१५
- ५० इंच: १११ × ६२; १५०, २००, २५०
- ५५ इंच: १२२ × ६८, १६५, २२०, २७५
- ६५ इंच: १४४ × ८१, १९५, २६०, ३२५
- ७५ इंच: १६६ × ९३, २२५, ३००, ३७५

'टीव्हीपासून दहा फूट लांब बस' ही शिस्त डबा टीव्हीच्या काळातली. तेव्हा जवळून पडद्यावरच्या रेषा दिसत. आता त्या दिसत नाहीत, आणि दहा फुटांवरून ३२ इंची संच म्हणजे नुसती खिडकी.

एका मापातून दुसऱ्यात जाताना क्षेत्रफळ किती वाढते तेही पाहावे. ३२ वरून ४३ वर गेले की चित्र ८० टक्क्यांनी मोठे होते, ४३ वरून ५५ वर ६४ टक्क्यांनी, ५५ वरून ६५ वर ४० टक्क्यांनी. ४३ वरून ५० ची वाढ ३५ टक्क्यांची, या चारांत सगळ्यांत कमी. किमतीतला फरक जास्त सांगत असतील तर ही उडी टाळून सरळ ५५ चा विचार करावा. ३२ इंचांवरच्या संचांना पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो लहान संचांइतकाच, १८ टक्के झाला. 'कर वाचतो म्हणून ३२ च घेऊ' या हिशेबात आता दम राहिलेला नाही.

पायरी तिसरी: टीव्हीवर येते काय, ते बघा

इथेच बहुतेकांची फसगत होते. पडदा कितीही चांगला असो, त्याच्यात येणारे चित्र जुने-पुराणे असेल तर मोठा पडदा दोषच मोठे करून दाखवतो.

चांगली नजर अंशाच्या साठाव्या भागाएवढा भेद ओळखू शकते. त्यावरून कोणते चित्र किती जवळून फुटलेले दिसेल ते काढता येते. साध्या एसडी चॅनलचे चित्र ५७६ रेषांचे. ते ५५ इंची पडद्यावर ४ मीटरच्या आत मऊ, पुसट दिसू लागते. ४३ इंचीवर ३.२ मीटरच्या आत, ३२ इंचीवर २.४ मीटरच्या आत. फुल एचडी (१०८० रेषांच्या) चित्राचे दाणे ५५ इंचीवर दिसायला २.२ मीटरपेक्षा जवळ जावे लागते, ४३ इंचीवर १.७ मीटरपेक्षा. फोर-के (२१६० रेषांच्या) चित्राचे दाणे ५५ इंचीवर १.१ मीटरच्या आत गेल्याशिवाय दिसायचे नाहीत.

याचे दोन अर्थ निघतात. पहिला: डीडी फ्री डिशवरचे बहुतेक चॅनल आणि केबलच्या स्वस्त पॅकमधले चॅनल एसडी असतात. घरात तेच चालत असेल आणि अंतर अडीच मीटर असेल, तर ६५ इंची संच घेऊन चेहरे मेणाचे दिसतील. ५ ने भागून येणाऱ्या मापापुढे जाऊ नका, किंवा आधी एचडी पॅक घ्या आणि मग मोठा संच. यूट्यूबवरच्या जुन्या संगीत नाटकांच्या चित्रफितींचेही हेच. त्या ४८० रेषांच्या पलीकडे सहसा नसतात आणि मोठ्या पडद्यावर रंगमंच धुक्यात गेल्यासारखा दिसतो. दोष संचाचा नसतो.

दुसरा: ३ मीटरवरून ४३ इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक डोळ्याला कळतच नाही. ४३ पासून वरचे बहुतेक संच आता फोर-केच असतात, म्हणून ते मिळतेच. पण त्याच्यासाठी म्हणून वेगळे पैसे मोजू नयेत. ३२ इंचीत मात्र एचडी रेडी (फुल एचडीहून कमी रेषांचा) आणि फुल एचडी असे दोन प्रकार अजून मिळतात. झोपायच्या खोलीत १.८ मीटरपेक्षा जवळून बघणार असाल तर एचडी रेडीचे दाणे दिसतात. तिथे फुल एचडीच घ्या.

फोर-के खरोखर बघायचे तर नेटला सतत १५ ते २५ एमबीपीएस वेग लागतो. गावच्या घरी तेवढा मिळतो का, हे संध्याकाळी आठ-नऊला तपासा. दुपारी बाराला सगळ्यांचेच नेट धावते.

बसणारे एक नसतात

वरचा हिशेब एका जागेचा झाला. घरात सर्वांत जवळ बसणारा आणि सर्वांत लांब बसणारा, दोघांचे अंतर काढा. जवळच्याचे अंतर भागिले ३ ही वरची मर्यादा. त्याहून मोठा संच त्याला मान फिरवून बघावा लागेल. लांबच्याचे अंतर भागिले ६ ही खालची मर्यादा. त्याहून लहान असेल तर खालच्या पट्टीवरची अक्षरे वाचताना तो डोळे बारीक करील. संच या दोन आकड्यांच्या मध्ये बसवायचा.

जुन्या घरात हे जमत नाही, हे मान्य करून टाकावे. राजांगणाच्या (घराच्या आतल्या अंगणाच्या) बाजूचा साल लांबलचक, बाक मागच्या भिंतीला, अंतर ४८० सेंमी. ४ ने भागले तर १२० इंच! ७५ इंची आणला तरी कोन जेमतेम २० अंशांचा भरतो. अशा वेळी टीव्हीवर लाखभर उधळण्यापेक्षा दोन आरामखुर्च्या पुढे आणून सव्वातीन मीटरवर ठेवा. ६५ इंची पुरतो. खुर्ची सरकवायला पैसे पडत नाहीत, हा उपाय दुकानदार सांगणार नाही.

बाजूला बसणाऱ्यांचाही विचार हवा. इंग्रजी एल आकाराच्या सोफ्यात एकजण हमखास कडेला असतो. पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, वेगवेगळ्या जातींचा असतो. व्हीए जातीचे पॅनल समोरून काळा रंग दाट दाखवते, पण कडेने रंग उडालेले दिसतात. आयपीएस पॅनल आणि ओएलईडी कडेनेही बरे दिसतात. जात कळत नसेल तर दुकानात संचाच्या समोरून चालत ४५ अंशांवर जाऊन उभे राहा आणि माणसांच्या चेहऱ्याचा रंग बघा. तो पांढुरका पडला तर कडेला बसणाऱ्यासाठी तो संच नव्हे.

पायरी चौथी: रद्दीचा टीव्ही

आकडा आला की लगेच दुकानात पळू नका. वर्तमानपत्रे चिकटवून त्या मापाचा आयत करा (५५ साठी १२२ × ६८) आणि भिंतीवर नेमक्या जागी लावा. दोन दिवस राहू द्या. दार उघडताना कड लागते का, देवघराकडे जायच्या वाटेत येतो का, स्विचबोर्ड झाकला जातो का, हे सगळे तेव्हाच कळते. उजेडही तेव्हाच बघून घ्या. गोव्यातल्या घरांना खिडक्या मोठ्या, त्यात बाल्कांवाचे (पुढच्या बैठकीच्या ओसरीचे) दार दुपारभर उघडे. पडद्याच्या बरोबर समोर खिडकी असेल तर काळ्या दृश्यांत खिडकीच दिसते, मग तो कितीही इंची असो. शिंपल्यांच्या जुन्या तावदानांतून येणारा उजेड मवाळ असतो, त्याचा त्रास कमी; काचेच्या खिडकीला जाड पडदा लागेल. शक्यतो खिडकी पडद्याच्या बाजूच्या भिंतीत असावी.

आणखी एक. चवथीला गणपती कोणत्या भिंतीपाशी बसतो? माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) त्याच भिंतीपाशी बांधायची असेल तर ६५ इंची संच स्क्रू खोलून उतरवणे दरवर्षीचे लोढणे होईल. तिथे ४३ इंची, पायांवरचा, दोघांनी उचलून बाजूला ठेवता येईल असा संच घ्या. नाहीतर टीव्हीची भिंतच बदला.

टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधले अंतर विचारा. पाय मध्यभागी नसून दोन्ही टोकांना असले तर ५५ इंचीला मीटरहून लांब टेबल लागते. जुने शोकेस इथेच नापास होते.

उंची: सगळ्यांत जास्त चुकते ती

सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १०० ते ११० सेंमीवर असतात, चटईवर बसलेल्याचे ७० ते ८० वर. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावा. ५५ इंची संचाची उंची ६८, तिची निम्मी ३४. १०५ मधून ३४ गेले, म्हणजे खालची कड जमिनीपासून ७१ सेंमीवर. ४३ इंचीसाठी ७८. आकडा ऐकून 'इतका खाली?' असे सगळेच म्हणतात. बसवायला आलेला मुलगाही टेप न लावता दाराच्या चौकटीच्या उंचीला भोक पाडायला निघतो. त्याला थांबवा, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून द्या.

लहान मुले ओढतील किंवा खाली टेबल आहे म्हणून थोडा वर घ्यावाच लागला, तरी खालची कड डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नका. अडीच मीटरवरून ५५ इंचीची वरची कड तेव्हा १५ अंश वर जाते, त्यापुढे मान दुखते. झोपायच्या खोलीत उशीला टेकून बघणार असाल तर नजर आपोआप वर झुकते. तिथे थोडा उंच आणि खाली कललेला संच चालतो.

भिंत पेलेल का?

५५ इंची संच साधारण १२ ते १६ किलो, ६५ इंची २० किलोंच्या आसपास. वजन फार नाही, पण चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत सिमेंटच्या भिंतीसारखी वागत नाही. चिरा सच्छिद्र, ड्रिलचा हॅमर (ठोके मारण्याची सोय) चालू ठेवून भोक मारले की भोक रुंदावते, प्लग फिरत राहतो आणि वर्षभराने ब्रॅकेट पुढे झुकते. हॅमर बंद ठेवून भोक पाडा. जुन्या घरात गिलावा जाड असतो. कंपनीच्या पिशवीतले आखूड प्लग गिलाव्यातच संपतात. गिलावा ओलांडून चिऱ्यात किमान पाच-सहा सेंमी जाईल इतका लांब प्लग घ्या. चिरा भुसभुशीत लागला तर केमिकल अँकर (भोकात भरून घट्ट होणारा रासायनिक गोंद), किंवा १८ मिमीचा प्लायवूड सहा-आठ ठिकाणी पक्का करून त्यावर ब्रॅकेट. मातीच्या भिंतीवर टांगूच नका.

नैऋत्येचा पाऊस झोडपतो ती बाहेरची भिंत जून ते सप्टेंबर आतून ओल धरते. तिच्यावर टीव्ही लावला तर मागच्या जाळ्यांतून दमट हवा आत जाते. आतली भिंत निवडा, मागे हवा खेळू द्या. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लगबरोबर केबलची वायरही काढा. वीज तिच्यातूनही येते.

घरी आल्यावर

खोका पडद्यापेक्षा १०-१५ सेंमीने मोठा असतो. ६५ इंचीचा खोका जिन्याच्या वळणावर फिरतो का, ते आधी मोजा. संच उभाच न्यायचा. आडवा टाकला तर पॅनलला तडा जाऊ शकतो. बसवणारा जायच्या आत चालू करून एक पूर्ण पांढरे आणि एक पूर्ण काळे चित्र लावा, मेलेले ठिपके आणि कोपऱ्यातले डाग तेव्हाच दिसतात. मग सेटिंगमध्ये जाऊन दुकानाचा मोड बदलून घरचा करा, नाहीतर उजेड डोळ्यांत खुपत राहील. चित्राच्या आकाराचा पर्यायही तपासा: काही संच कडा कापून चित्र ताणतात, आणि बातम्यांची खालची पट्टी अर्धी गायब होते. तो पर्याय 'जसे आहे तसे' या अर्थाच्या नावाने असतो, बहुधा 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट'. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही एचडी बॉक्स असून ५७६ च निवडलेले आढळते. ते १०८० करून घ्या.